जमिनीखालचा सातबारा

मुंबईचे बंदर आणि घाटमाथा यांना जोडणाऱ्या जुन्या वाटांपैकी नाणेघाट, माळशेज आणि थळ घाट या तीन वाटा शहापूर व मुरबाड या तालुक्यांतून वर चढतात, आणि जेथून बैलांचे तांडे, नंतर आगगाडी आणि मोटारी गेल्या तेथूनच नळ आणि तारा गेल्या, हे भूगोलाच्या दृष्टीने स्वाभाविकच होते. तानसा धरण १८९२ मध्ये पूर्ण झाल्यापासून शहापूरचे पाणी मुंबईकडे वाहू लागले. १९९८ मध्ये मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून मनमाडजवळच्या पानेवाडीपर्यंत पेट्रोल, डिझेल वाहून नेणारी भारत पेट्रोलियमची वाहिनी याच बाजूने घाट चढली. अलीकडे समृद्धी महामार्गालगत गेल इंडियाची मुंबई–नागपूर वायुवाहिनी टाकली गेली. आणि महामार्गांच्या कडेने दूरसंचार कंपन्यांच्या ऑप्टिकल फायबर केबली, म्हणजे प्रकाशाच्या स्पंदांतून संदेश वाहणाऱ्या काचतंतूंच्या तारा, पुरल्या गेल्या. या साऱ्यांत एक समान सूत्र आहे. वाहिनी येथील जमिनीत असते, परंतु तिचा मालक, तिचा नकाशा आणि तिची नेमकी खोली जाणणारा अभियंता येथे नसतो. आणि ज्याच्या हाती पहार किंवा जेसीबीचा दांडा असतो, त्याच्याजवळ यांपैकी काहीही नसते.

खोदकामाला येथे निश्चित हंगाम आहे. सुमारे अडीच हजार मिलिमीटर पावसाच्या या प्रदेशात पावसाळाभर भातखाचरे पाण्याखाली असतात, त्यामुळे विहीर, शेततळे, घराचा पाया, रस्त्याची गटारे, नळपाणी योजनेचे चर ही सगळी कामे भातकापणी उरकल्यावर, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात आणि मृगापर्यंत चालतात. अनेक विभागांचे ठेकेदार याच सहासात महिन्यांत त्याच रस्त्याच्या त्याच कडेला खणत असतात, आणि एकाने पुरलेले दुसऱ्याने उखडण्याचे प्रसंग याच काळात घडतात.

जुन्या काळी ही अडचण फारशी नव्हती, कारण वाहिनी डोळ्यांना दिसत असे. तानसाचे प्रचंड नळ आजही कित्येक ठिकाणी जमिनीच्या वर, दगडी किंवा काँक्रीटच्या आधारांवर टेकलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारून देखभालीचा रस्ता जातो. नंतरची वाहतूक मात्र उत्तरोत्तर खाली गेली. भातसा धरणाच्या पाण्यावर मुंबईचा जवळजवळ निम्मा पुरवठा अवलंबून आहे, आणि भांडुपच्या शुद्धीकरण संकुलाकडे पाणी नेणारा ठाण्याखालचा साडेपाच मीटर व्यासाचा जलबोगदा जमिनीखाली सुमारे १०० मीटर खोल आहे. इतक्या खोलीमुळे तो सुरक्षित राहील असे वाटणे साहजिक होते. तरीही ठाणे शहरात घेतल्या गेलेल्या एका विंधन विहिरीने, म्हणजे बोअरवेलने, त्याला छिद्र पाडले, गळती सुरू झाली, आणि दुरुस्तीसाठी बोगदा बंद ठेवावा लागल्यामुळे ३१ मार्च २०२३ पासून ३० दिवसांसाठी मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर करावी लागली. त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरला अंधेरीत सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १८०० मिलिमीटर व्यासाची मुख्य जलवाहिनी फुटली. दोन्ही प्रसंगांत वाहिनी अज्ञात नव्हती. ती कोठे आहे हे ज्यांना ठाऊक होते त्यांची आणि खणणाऱ्यांची वेळेवर गाठ पडली नाही, एवढेच.

म्हणूनच वाहिनी शोधण्याचे काम यंत्रापासून सुरू होत नाही. ते कागदापासून सुरू होते, आणि ग्रामीण भागात तो कागद म्हणजे सातबारा. तेल आणि वायुवाहिन्यांसाठी केंद्र सरकार १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी अधिनियमाखाली जमीन विकत घेत नाही, तर जमिनीत वाहिनी टाकण्याचा आणि तिची देखभाल करण्याचा ‘वापर हक्क’ संपादन करते. मालकी शेतकऱ्याकडेच राहते, त्याला नुकसानभरपाईखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के रक्कम मिळते, आणि त्या पट्ट्यात तो भात, नाचणी किंवा भाजीपाला पूर्वीप्रमाणेच घेऊ शकतो. मात्र तेथे इमारत बांधणे, विहीर, तलाव किंवा बंधारा खोदणे आणि झाडे लावणे यांस कलम ९ अन्वये मनाई आहे. या हक्काची नोंद फेरफाराने सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ या रकान्यात होते. अडचण अशी की, दोन पावसाळे गेले, बांध पुन्हा घातले गेले, की शेतात कसलीही खूण उरत नाही. जमीन वाटण्या होऊन पुढच्या पिढीकडे जाते किंवा शेतघरासाठी शहरातल्या माणसाला विकली जाते, आणि नवा मालक सातबाऱ्यावर नाव आणि क्षेत्र पाहतो, ‘इतर अधिकार’ वाचतोच असे नाही. जलवाहिन्या आणि फायबर यांच्या बाबतीत तर, त्या बहुधा रस्त्याच्या हद्दीतून गेलेल्या असल्याने, सातबाऱ्यावर काहीच सापडत नाही.

कागदानंतर जमिनीवरच्या खुणा येतात. तेल आणि वायुवाहिन्यांवर ठरावीक अंतराने किलोमीटरचे खांब असतात, रस्ता, ओढा किंवा लोहमार्ग ओलांडण्याच्या जागी इशाऱ्याचे फलक असतात, आणि अधूनमधून एक लहान पेटी बसवलेला खांब दिसतो, जो गंजप्रतिबंधक विद्युत्‌प्रवाह मोजण्यासाठी असतो. पोलादी नळ ओल्या मातीत गंजू नये म्हणून त्याला वेष्टन घालतात आणि शिवाय त्याचा विद्युत्‌दाब तांबे व मोरचूद यांच्या प्रमाण विद्युत्‌अग्राच्या तुलनेत उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याखाली राखतात. हा दाब तपासण्याचे ते ठिकाण. दोन खांबांना जोडणारी सरळ रेषा म्हणजेच वाहिनी, असे मात्र समजू नये, कारण कातळ, ओढा किंवा मंदिर चुकवण्यासाठी वाहिनी मध्येच वळलेली असू शकते. तेलकंपन्यांनी नेमलेले लाइनवॉकर, म्हणजे वाहिनीवरून चालत गस्त घालणारे कामगार, या वळणांचे उत्तम जाणकार असतात. गावच्या नळयोजनेचा व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी आणि महावितरणचा वायरमन हेही तसेच. या माणसांना विचारल्याशिवाय झालेले सर्वेक्षण, त्यात कितीही महागडे यंत्र वापरले असले तरी, अपुरेच मानावे लागेल.

यंत्रांपैकी सर्वाधिक वापरात असलेले म्हणजे केबल लोकेटर. विद्युत्‌प्रवाह वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, या साध्या नियमावर ते चालते. चालू वीजवाहिनीतील ५० हर्ट्झचा प्रवाह ते थेट टिपते. नळात प्रवाह नसेल तर एका प्रेषकाने त्यात वेगळ्या वारंवारितेचा क्षीण प्रवाह सोडावा लागतो. यंत्राच्या दांड्यात एकावर एक अशी दोन ग्राहके बसवलेली असतात, आणि दोन्हींना मिळणाऱ्या संकेतातील फरकावरून वाहिनीची खोली काढली जाते. परंतु येथे एक धोका लक्षात ठेवणे अगत्याचे आहे: ज्या केबलमधून त्या क्षणी वीज खेचली जात नाही, उदाहरणार्थ बंद कृषिपंपाची केबल किंवा मुरबाडच्या औद्योगिक क्षेत्रातील सुट्टीच्या दिवशीच्या कारखान्याची केबल, ती जिवंत असूनही ५० हर्ट्झच्या शोधात मूक राहू शकते. यंत्र बोलले तर वाहिनी आहे. यंत्र गप्प राहिले तर वाहिनी नाही, असा अर्थ होत नाही.

याहून मोठी अडचण प्लास्टिकची. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनखाली गावोगाव आणि पाड्यापाड्यांवर चर खणले गेले, आणि त्यांत पीव्हीसी व एचडीपीई या प्लास्टिकच्या नळांचा मोठा वाटा आहे. ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेट पोचवणाऱ्या भारतनेटच्या केबलीही प्लास्टिकच्याच नळीतून जातात. प्लास्टिक आणि काच वीज वाहून नेत नाहीत, म्हणून लोकेटरला ती सापडत नाहीत. त्यावर उपाय अगदी स्वस्त आहे, तो म्हणजे नळ पुरतानाच त्याच्यासोबत तांब्याची एक वेष्टित तार टाकणे आणि तिचे टोक व्हॉल्व्हच्या चौकटीत वर आणून ठेवणे, म्हणजे पुढे कधीही त्या तारेत संकेत सोडून नळाचा मार्ग काढता येतो. चर एकदा बुजला की ही संधी गेली. धरणे उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहणाऱ्या शहापूरच्या पाड्यांना जे नळ इतक्या प्रतीक्षेनंतर मिळत आहेत, आणि इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून ज्या योजनेने पाणी यायचे आहे तिचे नळ, ते पहिल्याच जेसीबीने फोडावेत, हे सोसण्यासारखे नाही.

धातू नसलेल्या वाहिन्यांसाठी भूवेधी रडार, म्हणजे जीपीआर, वापरतात. ढकलगाडीसारखे हे यंत्र जमिनीत रेडिओलहरी सोडते आणि त्यांचा प्रतिध्वनी परत येण्यास लागलेला काळ मोजते. हवेत ही लहर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशात, ३० सेंटिमीटर जाते. कोरड्या मुरमात साधारण १० सेंटिमीटर, तर भिजलेल्या मातीत ६ सेंटिमीटरच्या आसपास. आता २० नॅनोसेकंदांनी परतलेला प्रतिध्वनी कोरड्या मुरमात एक मीटर खोलीचा नळ दाखवतो, तर ओल्या मातीत तोच प्रतिध्वनी ६० सेंटिमीटरवरचा असतो. ओलावा चुकीचा धरला की खोलीचा अंदाज ४० सेंटिमीटरनी चुकतो, आणि जेसीबीच्या बकेटच्या दाताला एवढी चूक पुरेशी आहे. शिवाय भातखाचराची चिकण, ओली माती लहरी शोषून घेते, त्यामुळे नोव्हेंबरात यंत्राला फारसे खोल दिसत नाही, तर मार्चमध्ये त्याच शेतात बरेच चांगले दिसते. आणि मुरमात दडलेले काळ्या पाषाणाचे धोंडे नळासारखीच कमान पडद्यावर उमटवतात, म्हणून एका ओळीत नव्हे तर तीनचार समांतर ओळींत यंत्र फिरवून, तीच कमान प्रत्येक ओळीत सरळ रेषेत येते का, हे पाहावे लागते. धोंडा एका ओळीत असतो, नळ सगळ्या ओळींत असतो.

विहिरीसाठी पाणाड्या बोलावण्याची या भागात जुनी रीत आहे आणि कधीकधी त्याच्या हातातील काटकीवर किंवा नारळावर नळाचाही शोध सोपवला जातो. त्याचे जमिनीचे, झाडझाडोऱ्याचे आणि उताराचे ज्ञान नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुरलेल्या विजेच्या केबलच्या बाबतीत त्या काटकीवर कोणाचाही जीव टाकता येत नाही.

कागद, खुणा आणि यंत्रे यांनी जे सांगितले ते केवळ अनुमान असते. निश्चिती होते ती चाचणी खड्ड्याने. संभाव्य रेषेला आडवा, अरुंद चर हाताने खणून वाहिनी प्रत्यक्ष उघडी करणे म्हणजे चाचणी खड्डा. हाताने खणणे म्हणजे निर्धोक, ही समजूत मात्र येथे सर्वत्र आढळते आणि ती घातक आहे. पहार टोकदार असते, कुदळीचा घाव वरून खाली येतो, आणि ११ किलोव्होल्टच्या केबलचे वेष्टन फुटले की धक्क्याहूनही भयंकर अशी ठिणगीची ज्वाळा उसळून चेहरा आणि हात भाजतात. म्हणून केबलच्या आसपास पहार व कुदळ बाजूला ठेवून फावड्याने, वरून घाव न घालता बाजूने माती खरवडत जावे. भारतीय मानक १२५५ नुसार ११ किलोव्होल्टची केबल ०.९ मीटर आणि ३३ किलोव्होल्टची १.०५ मीटर खोल असावी, तिच्याभोवती वाळू व वर विटांचा किंवा फरशांचा थर असावा. म्हणून मुरमात खणताना अचानक वाळू किंवा ओळीने मांडलेल्या विटा लागल्या तर तेथेच थांबावे. भारतनेटच्या केबलची प्रमाण खोली १.६५ मीटर आहे. पण हे आकडे टाकतानाचे आहेत. कातळ लागला तेथे वाहिनी उथळ राहते, आणि रस्ता रुंद करताना वरची माती काढली गेली की खोल पुरलेली वाहिनी हातभर अंतरावर येते.

वाहिनीला धक्का लागला पण काही गळले नाही, तर गप्प बसून चर बुजवण्याकडे कल असतो. बेल्जियममधील गिलेंगिएँ येथे ३० जुलै २००४ रोजी उच्चदाबाची वायुवाहिनी फुटून २४ जण मरण पावले. यंत्राचा ओरखडा तिला आधी केव्हातरी बसला होता, कोणी कळवले नव्हते, आणि दाब वाढवल्यावर ती त्या जागी फाटली. ओरखड्याने वेष्टन सोलले जाते, तेथे गंज सुरू होतो, भिंत पातळ होते. ओरखडा कळवणाऱ्या चालकाला दंडाची भीती घालण्याऐवजी त्याचे आभार मानण्याची पद्धत कंपन्यांनी आणि ठेकेदारांनी पाडली, तर ती कोणत्याही रडारपेक्षा उपयोगी ठरेल.

अमेरिकेत २००७ पासून खणण्यापूर्वी ८११ हा एकच क्रमांक फिरवला की सर्व वाहिनीमालकांना निरोप जातो आणि ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करतात: विजेसाठी लाल, वायूसाठी पिवळा, दूरसंचारासाठी नारिंगी, पिण्याच्या पाण्यासाठी निळा. भारतात याच धर्तीवर दूरसंचार विभाग आणि गांधीनगरची भास्कराचार्य अंतराळ उपयोजन व भूमाहिती संस्था यांनी तयार केलेले ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाले. असमन्वित खोदाईमुळे देशाचे दरवर्षी सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे सरकारने तेव्हा सांगितले. खणणाऱ्याने जागा आणि तारीख नोंदवायची, आणि त्या जागेत ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जायची, अशी ही व्यवस्था आहे. ती चांगली आहे. परंतु ज्या वाहिनीची नोंद तिच्यात नाही, तिच्याबद्दल ती काहीच सांगू शकत नाही, आणि पाड्यावरच्या नळाची नोंद करणारा तेथे कोणी नसतो. मोठ्या वाहिन्यांचे मालक सावध असतात. खरी पोकळी गावाच्या स्वतःच्या वाहिन्यांची आहे.

ती भरून काढण्याचे काम ग्रामपंचायतच करू शकते, आणि त्यासाठी मोबाइल फोन, टेप आणि एक वही पुरते. चर उघडा असतानाच प्रत्येक वळणाचे, जोडाचे आणि व्हॉल्व्हचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह घ्यावे, शाळेची भिंत, विहिरीचा कठडा, विजेचा खांब अशा न हलणाऱ्या दोन खुणांपासूनचे अंतर मोजून लिहावे, नळाचा प्रकार, व्यास, खोली आणि टाकल्याची तारीख नोंदवावी, आणि ठेकेदाराचे शेवटचे देयक ही नोंद पूर्ण झाल्यावरच द्यावे. २६ जानेवारीला ग्रामसभा भरेल, आणि तोपर्यंत या हंगामाचे पुष्कळसे चर उघडे असतील. शहापूर आणि मुरबाडमधील ज्या गावांत काम चालू आहे तेथील ग्रामस्थांनी त्या सभेत ही नोंदवही सुरू करण्याचा ठराव मांडावा, आणि जेथे चर बुजले आहेत तेथे ते खणणाऱ्या मजुरांना व व्हॉल्व्हवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला बरोबर घेऊन, त्यांना आठवते आहे तोवर, गावातून एक फेरी मारावी.