जुने टिकी बार : आठवणीवर धंदा चालतो का?



'वातावरण विकायचं कसं' या व्हिडिओत मी टिकी बारचा उल्लेख दोन मिनिटांत उरकला होता. आज तोच विषय सविस्तर घेऊ. आधीच सांगतो, दारूचं दुकान कसं काढावं हा आजचा विषय नाही. तुम्ही मिसळ विकत असाल, सरबत विकत असाल, घरगुती मसाले विकत असाल, तरी ही गोष्ट तुमच्या कामाची आहे. कारण यात एका माणसाने नव्वद वर्षांपूर्वी स्वस्त मालातून महागडा धंदा उभा केला, आणि पुढे स्वतःच्याच नावावरचा हक्क गमावला.

टिकी बार म्हणजे काय?

टिकी हा शब्द पॅसिफिक महासागरातल्या पॉलिनेशियन लोकांचा. माओरी परंपरेत टिकी म्हणजे पहिला माणूस, आणि त्यावरून कोरीव मूर्तींनाही टिकी म्हणतात. पण टिकी बार जन्माला आला तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियात.

आत शिरलं की बाहेरचं जग दिसू नये म्हणून खिडक्या जवळपास नसायच्या. बांबू, चटया, मासेमारीची जाळी, काचेचे गोळे, मंद दिवे, कुठेतरी पाण्याचा आवाज. पेय यायचं ते कोरीव मूर्तीच्या आकाराच्या मगमध्ये किंवा नारळाच्या करवंटीत. चौघांत मिळून एक मोठा वाडगा, मधोमध पेटती ज्योत आणि लांब लांब नळ्या. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेअरमाँट हॉटेलातल्या 'टोंगा रूम'मध्ये जुन्या पोहण्याच्या तलावाचंच तळं केलंय, आणि तिथे ठरावीक वेळाने गडगडाट होऊन खोटा पाऊस पडतो. हे आजही चालू आहे.

सुरुवात : मंदी, दारूबंदी आणि स्वस्त रम

5 डिसेंबर 1933 ला अमेरिकेतली दारूबंदी उठली. देशात महामंदी होती, लोकांच्या खिशात पैसे नव्हते. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या तरुणाने हॉलिवूडमध्ये एक छोटासा बार टाकला. पॅसिफिक आणि कॅरिबियन भागात फिरून आलेला हा माणूस. बारचं नाव 'डॉन द बीचकोंबर', म्हणजे किनाऱ्यावर वाहून आलेल्या वस्तू गोळा करणारा डॉन. हे नाव इतकं चाललं की त्याने स्वतःचंच नाव कायद्याने बदलून 'डॉन बीच' करून घेतलं.

आता त्याची हुशारी बघा. त्या काळी रम स्वस्त होती आणि भरपूर मिळायची, पण तिला फारशी प्रतिष्ठा नव्हती. डॉनने तीच उचलली. एका ग्लासात दोन-तीन देशांच्या रम एकत्र केल्या, ताजा लिंबाचा रस, मसाल्यांचे पाक, कुटलेला बर्फ. पाया होता जुन्या कॅरिबियन 'पंच'चा : आंबट, गोड, कडक, पातळ. गंमत म्हणजे 'पंच' हा इंग्रजी शब्द आपल्या 'पाच'वरूनच, पाच जिन्नसांवरून, आला असं बऱ्याच जणांचं मत आहे. त्यावर वादही आहे.

त्याचं सगळ्यात गाजलेलं पेय 'झॉम्बी', 1934 चं. यात चार औंस, म्हणजे जवळजवळ 120 मिली रम, आणि त्यातली एक तर साडेपंचाहत्तर टक्के अल्कोहोलची. म्हणून नियम होता, एका माणसाला दोनच. आता विचार करा. नियम गरजेचाच होता, पण 'दोनच मिळतात' म्हटल्यावर गावभर चर्चा कशाची झाली असेल?

पहिला धडा : गुपित कसं जपलं

झॉम्बी हिट झाल्यावर शेजारपाजारचे बार नक्कल करायला टपले. पाककृती पळवण्याचा सोपा मार्ग म्हणजे डॉनचा बारटेंडर जास्त पगार देऊन फोडायचा. डॉनने काय केलं? बाटल्यांवर जिन्नसाचं नाव लिहिणंच बंद केलं. 'डॉनचं मिश्रण क्रमांक 2', 'मसाला क्रमांक 4' अशा चिठ्ठ्या. बारटेंडरला कृती माहीत, पण क्रमांक 2 च्या बाटलीत काय आहे हे माहीत नाही. माणूस फुटला तरी गुपित फुटत नाही.

हे तुम्ही उद्यापासून करू शकता. समजा तुमचा मिसळीचा गाडा आहे. कट तुम्ही एकट्याने करता तोवर ठीक. दुसरा गाडा टाकलात आणि तिथे एक मावशी ठेवल्यात, की सगळा मसाला त्यांच्यासमोर भाजायची गरज नाही. घरी दोन मिश्रणं करा, 'एक नंबर' आणि 'दोन नंबर'. मावशींना एवढंच सांगा, दहा लिटरला एक नंबर इतके चमचे, दोन नंबर इतके. दोन फायदे : गुपित राहतं, आणि दोन्ही गाड्यांवर चव एकसारखी येते. माझ्या मते दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे.

पण याची दुसरी बाजूही आहे. डॉनचे बार जसे बंद पडत गेले तशा खऱ्या कृतीही हरवल्या. लोक झॉम्बीच्या नावाखाली काहीही विकायला लागले. जेफ बेरी नावाच्या लेखकाने जुन्या वेटरांच्या खिशातल्या वह्या शोधून, त्यातले क्रमांक वर्षानुवर्षं उलगडून शेवटी 2007 च्या पुस्तकात मूळ झॉम्बी छापली. 'डॉनचं मिश्रण' म्हणजे काय निघालं? दोन भाग ग्रेपफ्रूटचा रस आणि एक भाग दालचिनीचा पाक. बस्स.

म्हणून गुपित ठेवा, पण एक प्रत घरात, विश्वासाच्या माणसाकडे, लिहून ठेवा. वजनासकट. 'अंदाजाने घालते' हे आईच्या स्वयंपाकघरात चालतं, धंद्यात नाही.

दुसरा धडा : नाव कोणाच्या मालकीचं?

डॉन कलाकार माणूस होता. हिशेब, भाडं, नवीन शाखा हे सगळं सांभाळलं त्याच्या पत्नीने, कोरा आयरीन संड यांनी. लोक त्यांना सनी म्हणत. 1940 मध्ये दोघं वेगळे झाले. कंपनी सनीकडे गेली आणि त्यांनी शिकागोपासून पुढे ती वाढवत नेली. डॉनला मात्र अमेरिकेच्या मुख्य भूमीवर त्याच नावाने बार चालवता येईना. मग तो हवाईला गेला, कारण हवाई तेव्हा राज्य झालेलं नव्हतं. ते झालं 1959 ला. तिथे वायकिकीला त्याने पुन्हा शून्यातून सुरुवात केली.

यात कोण बरोबर, कोण चूक हे ठरवत बसू नका. सनी नसत्या तर तो एकच छोटा बार राहिला असता, हेही तितकंच खरं. प्रश्न वेगळा आहे. तुमचा धंदा नवरा-बायको, दोन भाऊ किंवा दोन मित्र मिळून करत असाल, तर नाव कोणाच्या मालकीचं हे कागदावर आहे का? बहुतेकांचं उत्तर 'तशी कधी वेळच आली नाही' असं असतं. वेळ यायच्या आधीच लिहायचं असतं. भागीदारी करारात एक ओळ टाका : वेगळे झालो तर नाव कोणाकडे, कृती कोणाकडे. आणि नाव ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. आपल्याकडे 1999 च्या कायद्याखाली ही नोंदणी दहा वर्षांसाठी होते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.

तिसरा धडा : नक्कल आणि सुधारणा

ऑकलंडमध्ये व्हिक्टर बर्जरॉन नावाच्या माणसाने 1934 मध्ये आईवडिलांच्या किराणा दुकानासमोर 500 डॉलरच्या भांडवलावर एक छोटं हॉटेल काढलं होतं. त्याने डॉनचा बार पाहिला, आणि परत येऊन आपल्या हॉटेलचं रूप नि नाव दोन्ही बदललं : 'ट्रेडर व्हिक्स'. लहानपणी आजारात त्याचा एक पाय गेला होता. गिऱ्हाइकांना तो सांगायचा, शार्कने खाल्ला! गिऱ्हाइकांनाही तेच हवं होतं.

पण व्हिक नुसती नक्कल करून थांबला नाही. 1944 मध्ये त्याने 'माई ताई' बनवलं : सतरा वर्षं जुनी जमैकाची रम, ताजं लिंबू, संत्र्याचं लिकर, बदामाचा पाक, खडीसाखरेचा पाक. डॉन म्हणायचा कल्पना माझी. वाद शेवटपर्यंत राहिला. मात्र फरक बघा. डॉनने कृती लपवल्या, तर व्हिकने 1947 मध्ये पुस्तकच छापलं. हिल्टनसारख्या हॉटेल कंपनीबरोबर करार करून शहरोशहरी शाखा काढल्या. ट्रेडर व्हिक्स आजही चालू आहे, अगदी दुबईतसुद्धा.

एक सावध इशाराही यातच आहे. माई ताई इतकं खपलं की ती सतरा वर्षांची रमच संपली. मग वेगवेगळ्या रम मिसळून चव जुळवावी लागली. तुमचा हिट पदार्थ एकाच पुरवठादारावर, एकाच गावच्या मिरचीवर अवलंबून असेल, तर पर्याय आजच चाखून ठेवा.

मग हे सगळं मोडलं कसं?

दुसऱ्या महायुद्धात लाखो अमेरिकन पॅसिफिकमध्ये जाऊन आले. 1947 ची कॉन-टिकी मोहीम, 'साऊथ पॅसिफिक' हे संगीत नाटक, हवाईला जाणारी विमानं, यामुळे पन्नाशी-साठीच्या दशकांत टिकीची लाट आली. सत्तरच्या दशकात ती ओसरली. दोन कारणं लक्षात ठेवा.

एक, पिढी बदलली. आईवडिलांची आवडती जागा मुलांना जुनाट वाटली. यावर कोणाचाच इलाज नसतो.

दोन, काटकसर चुकीच्या जागी झाली. ताज्या लिंबाऐवजी बाटलीतला आंबट-गोड रस आणि पावडर आली. हिशेब सोपा आहे. समजा तुमच्या सरबताचा ग्लास 60 रुपयांना जातो, ताज्या मालाचा खर्च 18 आणि पावडरीचा 8. ग्लासमागे 10 रुपये वाचले, महिन्याला हजार ग्लास म्हणजे 10,000 रुपये. कागदावर छान दिसतं. पण पावडरीच्या ग्लासमागे तुम्हाला सुटतात 52 रुपये. म्हणजे चव बिघडल्यामुळे महिन्याला साधारण 200 ग्लास कमी खपले, की वाचलेले 10,000 संपले. त्यापुढे शुद्ध तोटा. आणि गेलेलं गिऱ्हाईक सांगून जात नाही.

आठवण काढणारे आणि बिल देणारे

आता मुख्य मुद्दा. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात 1961 पासून 'कहिकी' नावाचं भव्य टिकी रेस्टॉरंट होतं. इमारत इतकी वेगळी की ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत गेली. तरीही 2000 मध्ये ती पाडली गेली, जागेवर औषधांचं दुकान आलं. आजही लोक तिच्या आठवणीने हळहळतात, तिथले मग जपून ठेवतात.

पण कहिकीच्या मालकांनी तळघरात गोठवलेले एगरोल वगैरे बनवायला सुरुवात केली होती. इमारत गेली, तो माल मात्र कहिकी नावानेच सुपरमार्केटमध्ये जात राहिला. म्हणजे आठवण काढणारे खूप होते, पण घर चाललं ते रोज बिल देणाऱ्यांवर.

उलट उदाहरणही घ्या. लॉस एंजेलिसमधलं 'टिकी-टी' 1961 मध्ये रे ब्युहेन यांनी काढलं. ते फिलिपिनो, डॉनच्या पहिल्या बारमध्ये काम केलेले. त्या काळच्या बारमागचे कितीतरी हात फिलिपिनो होते, नाव मात्र मालकाचं झालं. ब्युहेन यांनी जागा छोटीच ठेवली, बारला डझनभर स्टुलं. आजही ते घरातच चालतं. फ्लोरिडातलं 1956 चं 'माय-काय' 2020 मध्ये पावसाने छताचं नुकसान होऊन बंद पडलं आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा उघडलं.

म्हणजे आठवणीवर धंदा चालतो, पण अट एवढीच की आजची चव आणि आजचा हिशेब जागेवर हवा.

एक जबाबदारी

टिकी बारमध्ये रम कॅरिबियनची, जेवण बहुतेक चिनी पद्धतीचं, आणि सजावटीला पॉलिनेशियन लोकांच्या श्रद्धेच्या मूर्ती. त्या लोकांना यातून काय मिळालं? हा प्रश्न आज तिकडे उघडपणे विचारला जातो आणि काही नवे बार मूर्ती टाळतातही. आपल्याकडे 'गावरान', 'कोळी', 'आदिवासी' थाटाची हॉटेलं निघतात. थीम घ्या, पण वारली चित्रं काढणारा वारली कलाकारच असू द्या, आणि त्याला पैसे व नाव दोन्ही द्या.

आजचं काम

वहीत तीन उत्तरं लिहा :

1. माझ्या मुख्य पदार्थाची कृती वजनासकट कुठे लिहिलेली आहे?
2. धंद्याचं नाव कायद्याने कोणाचं आहे?
3. खर्च वाचवायला मी शेवटचं काय बदललं, आणि ते गिऱ्हाइकाच्या जिभेला कळलं का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः देऊ नका. चार जुन्या गिऱ्हाइकांना विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.