घोंगडीचा हिशेब

तुकाराम महाराजांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरच्या वाटेला लागली की काटेवाडीला थांबते. परीट समाजाची मंडळी तिच्यासाठी धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मग पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. पुढे बेलवाडीला आणि इंदापूरला रिंगणात अश्व धावतात, काटेवाडीला मात्र हा मान मेंढ्यांचा. बारामती-इंदापूरच्या रानात मेंढीची जागा काय आहे, हे एवढ्या एका प्रथेतून कळतं. वारकऱ्याच्या खांद्यावरची घोंगडी याच जातीच्या मेंढीच्या लोकरीची असते. निदान परवापरवापर्यंत असायची.

नीरेच्या डाव्या कालव्याने बारामती तालुक्याचे दोन भाग केले. कालव्याखाली ऊस, कारखान्यांची धुराडी आणि बारमाही हिरवळ. वर सुपे, मोरगाव, लोणी भापकरच्या बाजूला जिरायत, कुसळाची माळरानं आणि पावसाची वाट पाहणारी बाजरी. इंदापूरलाही हेच, उजनीचं पाणी जिथवर पोचलं तिथवर बागायत, त्यापलीकडे माळ. मेंढपाळ माळावरचा. पावसाळ्यात गावाजवळ राहायचं आणि दिवाळीनंतर घोड्यावर बिऱ्हाड लादून चाऱ्याच्या मागे जायचं, कुणी बागायतीकडे, कुणी घाट उतरून कोकणात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या. रात्रभराच्या लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. जर्मनीहून आलेले अभ्यासक गुंथर सोंथायमर यांनी या धनगरांच्या ओव्या आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा ही त्यांची दैवतं यांच्यामागे आयुष्य घातलं. त्यांच्या कामामुळे धनगरांची वाट किती जुनी आणि किती विचारपूर्वक आखलेली आहे, हे विद्यापीठांनाही ठाऊक झालं.

ही मेंढी दख्खनी. काटक, लांब चालणारी, कमी चाऱ्यावर निभावणारी. तिची लोकर बहुधा काळी, क्वचित करडी किंवा पांढरी, आणि जाड. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोसारखी मऊ नाही, म्हणून स्वेटरच्या कामाची नाही. पण हा जाडपणाच घोंगडीचा गुण आहे. पावसाची सर आली तर पाणी बराच वेळ वरच्या वर निथळतं, भिजली तरी ऊब पूर्ण जात नाही, आणि काट्याकुट्यात ओढली गेली तरी सहजासहजी फाटत नाही. मेंढपाळाला ती अंथरायला, पांघरायला, डोक्यावरून खोळ करून घ्यायला आणि प्रसंगी धान्य बांधून न्यायलाही लागते. सहा-सात महिन्यांच्या कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर सगळ्यांत मऊ. ती जावळाची लोकर. जावळाची घोंगडी हलकी, अंगाला कमी टोचणारी आणि साहजिकच महाग.

घोंगडी विणणारे मुख्यतः सणगर आणि खुटेकर धनगर. कातरलेली लोकर आधी निवडायची, तिच्यातला काडीकचरा, गोखरू, माती काढायची. मग पिंजायची. पूर्वी हे काम पिंजारी धनुकलीने करत, आता बहुतेक ठिकाणी यंत्र आहे. पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून बायका चरख्यावर सूत कातत. मेंढरांमागे चालता चालता टकळीवर सूत काढणारे पुरुषही असत. ताण्याचं सूत मोकळ्या अंगणात, गावाच्या बोळात लांबच लांब पसरायचं आणि त्याला चिंचोक्याची खळ द्यायची. चिंचोके भाजून, सालं काढून, दळून, शिजवून केलेली ही खळ कुंच्याने सुतावर सारखी फिरवली की धागा ताठ होतो आणि मागावर तुटत नाही. खळ कमी पडली तर धागा पिसतो, जास्त झाली तर कडक होऊन मोडतो. हे प्रमाण विणकराच्या बोटांना माहीत असतं. उन्हात ताणा वाळला की तो मागावर चढतो. माग जमिनीत खड्डा करून बसवलेला, पाय खड्ड्यात, हातात धोटा. माप अजूनही हाताचं. सहा हाती, आठ हाती अशीच मागणी सांगतात.

विणकाम पाहायला छान असतं, म्हणून छायाचित्रं मागाचीच निघतात. पण खरा वेळ जातो कातण्यात. एक घोंगडी मागावर दोन-तीन दिवसांत उतरत असेल, तर तिचं सूत काढायला त्याच्या कितीतरी पट दिवस लागतात. एका मागाला सूत पुरवायला कातणाऱ्या अनेक बायका लागतात. त्या कातणाऱ्या बायका आता फारशा उरल्या नाहीत. ज्या आहेत त्यांची वयं झाली आहेत आणि सुनांनी चरखा हातात घेतलेला नाही. त्यात सुनांची काही चूक आहे असं मला मुळीच वाटत नाही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत टेक्स्टाईल पार्क आहे आणि तिथे आसपासच्या गावांतल्या बायका शिवणयंत्रावर काम करून महिन्याचा पगार घरी आणतात. दिवसभर चरखा फिरवून हातात काय पडतं, हे त्या पगाराशेजारी ठेवून पाहिलं की निर्णय आपोआप होतो.

म्हणून आधी हिशेब मांडू. दख्खनी मेंढी वर्षाला साधारण अर्धा किलोच्या आसपास लोकर देते. मोठी घोंगडी अडीच-तीन किलोची असते. म्हणजे एका घोंगडीत पाच-सहा मेंढ्यांची वर्षभराची लोकर जाते, आणि धुण्या-निवडण्यातली घट धरली तर त्याहून जास्त. आता मेंढपाळाच्या बाजूने पाहू. त्याचं उत्पन्न कोकरं विकून येतं, मेंढ्या बसवून येतं. लोकरीचे पैसे अनेकदा कातरणीची मजुरीही भागवत नाहीत. कातरली नाही तर उन्हाळ्यात जनावर हैराण होतं, कातरली तर खर्च. मग लोकर बांधावर टाकून दिली जाते. मांसाला भाव आहे, म्हणून कळपात माडग्याळसारखे उंच, वजनदार, कमी लोकरीचे नर येतात. शेजारच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा जुळं देण्याचा गुण दख्खनीत आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मेंढपाळाच्या पोटापाण्यासाठी ते मोलाचं काम आहे. पण संशोधनाची आणि बाजाराची सगळी नजर मांसाकडे वळली आणि लोकरीकडे पाहायला कुणी राहिलं नाही, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या बाजूने पानिपतचं ब्लँकेट आलं. जुन्या कपड्यांच्या चिंध्या पिंजून त्याच धाग्यातून काढलेलं, स्वस्त, रंगीत. त्यानंतर पॉलिएस्टरचं आलं, ते आणखी मऊ आणि आणखी स्वस्त. खरं तर 1985च्या हातमाग आरक्षण कायद्यात कांबळी हातमागासाठी राखून ठेवलेली आहे. सुरुवातीच्या बावीस वस्तूंपैकी नंतर अकराच उरल्या, त्यांतही ती आहे. तरी नुसतं राखीव यादीत नाव आहे म्हणून गिऱ्हाईक येत नाही. आणि 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा कारागिरी आहेत: सुतार, लोहार, कुंभार, शिंपी, टोपल्या विणणारे, मासेमारीची जाळी करणारे वगैरे. मागावरचा विणकर त्यांत नाही. उजनीच्या काठच्या जाळी विणणाऱ्याला हत्यारांसाठी 15,000 रुपये आणि सवलतीचं कर्ज मिळू शकतं, घोंगडी विणणाऱ्याला या योजनेतून नाही. हातमागासाठी वेगळ्या योजना आहेत असं उत्तर मिळतं. त्या योजना आखताना डोळ्यांसमोर साडी असते, खड्डा मागावरचं काळं कांबळं नसतं.

या परिस्थितीत बारामतीने एक गोष्ट करून दाखवली, ती म्हणजे गिऱ्हाईक मिळवणं. अप्पासाहेब पवारांनी 1971 साली उभ्या केलेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या वतीने सुनंदा पवार यांनी पुण्यात भीमथडी जत्रा सुरू केली. दर डिसेंबरात शहराच्या मध्यावर मांडव पडतो. बचत गटांच्या बायका चुलीवर भाकऱ्या थापतात आणि शेजारच्या गाळ्यांत घोंगड्या, गोधड्या, मातीची भांडी, बुरडाच्या टोपल्या मांडलेल्या असतात. पुण्याचा माणूस खाण्यासाठी येतो आणि जाताना काहीतरी हातात घेऊन जातो. या जत्रेची टीकाही ऐकू येते, की खेडं असं मांडवात सजवून दाखवायचं कशाला. मला ती टीका पटत नाही. जी बाई आयुष्यभर आठवडे बाजारात व्यापाऱ्याने सांगितलेला भाव मान खाली घालून घेत आली, ती इथे पहिल्यांदा स्वतः किंमत सांगते आणि त्या किमतीला विकते. हिशेबाची वही, क्यूआर कोडची पाटी, पुढच्या मागणीसाठी लिहून घेतलेले फोन नंबर हे सगळं ती इथे शिकते. मुंबईत भरणारं महालक्ष्मी सरस हे प्रदर्शनही याच वाटेवरचं.

मात्र प्रदर्शन वर्षातून काही दिवस असतं आणि माग वर्षभर चालवावा लागतो. इथे गोधडीशी तुलना केली तर घोंगडीचं दुखणं नीट कळतं. गोधडीला, आमच्याकडच्या भाषेत वाकळीला, भांडवल जवळजवळ लागत नाही. गिऱ्हाईक स्वतःच्या आईच्या, आजीच्या जुन्या साड्या आणून देतं. शिवणारी बाई कडेकडेने धावदोरा घालत आत आत येते. तिच्याकडे सुई, दोरा, नजर आणि वेळ आहे. ती मजुरी घेते आणि टाक्याच्या बारकाईवर मजुरी वाढते. माल पडून राहिला असं होत नाही, कारण माल गिऱ्हाइकाचाच. दुपारी घरचं काम उरकून चार बायका एका वाकळीवर बसू शकतात. त्यामुळे गोधडीचा घरगुती धंदा कुणाच्या मदतीशिवायही उभा राहिलेला दिसतो.

घोंगडीचं तसं नाही. लोकर कातरणीच्या हंगामात एकदम घ्यावी लागते, रोख. पिंजणाऱ्याला पैसे, कातणाऱ्यांना पैसे, आणि विक्री होणार पुढच्या थंडीत. एकटा विणकर हे पेलू शकत नाही. तो मग सूत वाचवतो. बाहेरून तयार गिरणीचा धागा घेतो, त्यात कृत्रिम धागा मिसळलेला असतो, घोंगडी स्वस्त होते आणि दिसतेही तशीच. गिऱ्हाइकाला फरक कळत नाही, आणि शुद्ध लोकरीची घोंगडी करणारा त्याच गाळ्यात महागडा ठरतो. त्याला बाहेरच्या व्यापाऱ्याने हरवलं असतं तर गोष्ट वेगळी. इथे त्याला त्याच्याच मालाची नक्कल हरवते.

हे कोडं दुसरीकडे सुटलेलं आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला बाह्य हेब्रिडीज बेटांवर हॅरिस ट्वीड विणतात. ती लोकरही भरड, रानातली, एके काळी मासेमार आणि मेंढपाळांच्या अंगावरची. ब्रिटनच्या संसदेने 1993 साली त्या कापडासाठी स्वतंत्र कायदा केला. लोकर शुद्ध हवी, ती रंगवायची आणि कातायची त्या बेटांवरच, आणि कापड विणायचं बेटावरच्या माणसाने स्वतःच्या घरात. या अटी पुरत्या झाल्या तरच शिक्का बसतो. यात लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की सूत तिथे गिरणीत कातलं जातं. त्यांनी हाताने करायचं काय आणि यंत्राने करायचं काय याची रेघ स्पष्ट आखली आणि ती रेघ गिऱ्हाइकाला सांगितली. विणकर घरी राहिला, माग पायाने चालत राहिला, पण त्याला सुतासाठी थांबावं लागलं नाही.

बारामती-इंदापूरला हेच करता येईल असं मला ठामपणे वाटतं. या दोन तालुक्यांत सहकाराची सवय आहे. ऊस गोळा करून कारखान्यावर नेण्याची, दूध गोळा करून संघावर घालण्याची यंत्रणा गावोगाव पोचलेली आहे. लोकर ही त्याहून सोपी वस्तू, नासत नाही, सांडत नाही. कातरणीच्या दोन हंगामांत मेंढपाळाच्या वाड्यावर जाऊन लोकर प्रतवारीने, रोखीने उचलणारं एक संकलन केंद्र आणि दख्खनीच्या आखूड, भरड लोकरीला चालेल असं पिंजणीचं आणि कताईचं छोटं युनिट, एवढं उभं राहिलं तर विणकराला वर्षभर शुद्ध सूत मिळेल. राज्याचं मेंढी व शेळी विकास महामंडळ पुण्यातच आहे आणि लोकरीचं काम त्याच्या कक्षेत बसतं. हाताने कातलेल्या जावळाच्या घोंगडीची वेगळी, जास्त किंमत लावावी आणि त्यातला वाटा कातणाऱ्या बाईच्या नावावर स्वतंत्र दाखवावा. आज घोंगडीच्या किमतीत तिची मजुरी कुठेच दिसत नाही. ती घरातलीच म्हणून तिचा वेळ फुकट धरला जातो, आणि ज्या धंद्यात सगळ्यांत मोठा खर्च फुकट धरलेला असतो तो धंदा पुढच्या पिढीत टिकत नाही. केंद्र सरकारचं हँडलूम मार्क हे चिन्ह 2006पासून आहे. ते घ्यावं, पण त्यासोबत लोकर कुठल्या भागातली आणि सूत कुणी कातलं हे चिठ्ठीवर लिहावं.

घेणाऱ्यानेही थोडं शिकायला हवं. घोंगडीच्या कडेचा एक धागा काढून पेटवला तर लोकर केस जळाल्यासारखा वास सोडते आणि तिची राख चिमटीत चुरते. पॉलिएस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. काळी घोंगडी नैसर्गिक लोकरीची असेल तर धुताना पाण्यात रंग उतरत नाही. उतरला तर रंगवलेली आहे असं समजावं. हाताच्या सुतात जाडबारीकपणा असतो आणि तो दोष नव्हे. नव्या घोंगडीला खळीचा वास आणि ताठरपणा असतो, चार-सहा वापरांत तो जातो. धुवायची ती थंड पाण्यात, न पिळता, आणि ठेवायची ती कडुनिंबाच्या पाल्यासोबत, नाहीतर कसर लागते. मागणी शक्यतो उन्हाळ्यातच नोंदवावी आणि थोडी रक्कम आगाऊ द्यावी, कारण पावसाळ्यात ताणा बाहेर वाळवता येत नाही आणि विणकराला लोकर विकत घ्यायला पैसे हवे असतात ते त्याच्या आधी.