मिक्सरच्या निम्म्या शक्तीवर चालणारी गाडी

तुमच्या घरातील मिक्सर उलटा करून पाहा. तळाशी बहुधा ५०० वॅट हा आकडा छापलेला आढळेल. चटणी वाटायला एवढी शक्ती लागते, मग २५० वॅटची मोटर अख्ख्या माणसाला कशी वाहून नेणार? आपल्याकडील नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या विजेच्या दुचाकीला नोंदणी व परवाना लागत नाही. त्यामुळे पुष्कळजण तिला खेळणे समजतात. आपण गणितच मांडू.

गाडी आणि चालक मिळून १३० किलोग्रॅम धरा. सपाट डांबरी रस्त्यावर चाकांना होणारा रोध साधारण १५ न्यूटन भरतो. ताशी २५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर वेगाला हवेचा रोध १७ न्यूटनच्या आसपास असतो. एकूण ३२ न्यूटन. बलाला वेगाने गुणले की शक्ती मिळते : ३२ × ७ = २२४ वॅट. म्हणजे जेमतेम का होईना, काम भागते!

आता वेग दुप्पट करू. चाकांचा रोध जवळजवळ तेवढाच राहतो, पण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढून चौपट, म्हणजे ६८ न्यूटन होतो. ८३ × १४ = ११६२ वॅट. दुप्पट वेगासाठी पाचपट शक्ती! हळू जाणारी गाडी स्वस्त का पडते, याचे रहस्य येथे आहे.

अशा गाडीत ४८ व्होल्टची, २४ ॲम्पिअर-तासांची बॅटरी असेल, तर तिच्यात १.१५ युनिट वीज मावते. इतकी ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम १३० मिलिलिटरमध्ये असते. चहाचा एक कपच म्हणा ना. तरीही गर्दीतले थांबणे-निघणे आणि मोटरमधील नुकसान धरूनही ती ४० ते ५० किलोमीटर नेते. शाळा, बाजार, शिकवणी यांना हे पुरेसे आहे.

अडचण येते ती चढावर. २० मीटर पुढे जाताना १ मीटर वर नेणारा चढ घ्या. वजनामुळेच ६४ न्यूटन वाढतात आणि वेग ताशी ११ किलोमीटरवर येतो. मागे कोणी बसले, तर सायकलवाला शेजारून पुढे जाईल. घाटाच्या गावी ही गाडी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. भरधाव ट्रक धावणाऱ्या महामार्गावरही तिचे काम नाही.

काही ठिकाणी पैसे घेऊन वेगाचे बंधन काढून देतात. मोह होईल, पण ताशी २५ ला धडकणे म्हणजे अडीच मीटरवरून पडणे (हेल्मेट तेव्हाही हवेच), आणि ताशी ५० ला धडकणे म्हणजे दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे. या गाडीचे ब्रेक त्या वेगासाठी बनवलेलेच नसतात. शिवाय बंधन काढताच कायद्याची सूटही जाते. नोंदणी, परवाना, विमा सारेच लागते.