सनरूफ रुसतं तेव्हा...

पूर्वी गाडी घ्यायची म्हटलं की घरातल्या बाईचे प्रश्न ठरलेले असायचे. डिकीत सामान किती मावेल, सासूबाईंना चढता-उतरता येईल का आणि ॲव्हरेज किती? आता मुलं आधी विचारतात, ‘‘आई, सनरूफ आहे ना?’’ एकेकाळी हे सरकतं काचेचं छप्पर महागड्या गाड्यांपुरतंच होतं. २०१८ मध्ये ते क्रेटात आलं, २०१९ मध्ये व्हेन्यूत आणि २०२३ मध्ये तर एक्स्टरसारख्या छोट्या गाडीतही. बघता बघता तालुक्याच्या गावातल्या अंगणात येऊन उभं राहिलं. हौसेला मोल नसतं म्हणतात. पण ही हौस भर पावसात अर्ध्यावर अडकली की मोल बरोबर कळतं!

गेल्या आषाढात बचत गटाच्या बैठकीसाठी आम्ही चौघी पाटणकडे निघालो होतो. गाडी घरचीच, चालवत होते मी. जरा उघडीप मिळाली म्हणून छप्पर उघडलं आणि पाचच मिनिटांत सर आली. बटण दाबलं. काच सरकत आली, चार बोटं फट राहिली आणि आपली परत मागे! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. शेवटी गटाचा फ्लेक्स छपरावर टाकला, त्याच्या दोऱ्या दारांतून आत ओढून धरल्या आणि हळूहळू बैठक गाठली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये उत्तर मिळालं, ‘‘वहिनी, अख्खा सेटच बदलावा लागेल. साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’’ आकडा होता चाळीस हजारांच्या घरातला. आमच्या गटातल्या एखादीचं शिलाई मशीन आणि वर मुलांची वर्षाची फी निघाली असती एवढ्यात! मी गाडी घरी आणली आणि गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक उघडलं.

मैत्रिणींनो, यातलं गणित काही अवघड नाही. काच दोन बाजूंच्या पट्ट्यांतून सरकते, अगदी आपल्या स्लायडिंग खिडकीसारखी. एक छोटी मोटर तारांच्या मदतीने तिला पुढे-मागे नेते. मोटर किती फिरली याचा हिशेब गाडी ठेवते, त्यावरून ‘पूर्ण बंद’ कुठे ते तिला कळतं. बंद होताना वाटेत काही आडवं आलं तर काच आपणहून मागे फिरते. याला ‘अँटी-पिंच’ म्हणतात. लेकराचं बोट किंवा मान सापडू नये म्हणून केलेली ही सोय. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत यासाठी १०० न्यूटन, म्हणजे साधारण १० किलो वजनाएवढ्या दाबाची मर्यादा आहे. म्हणून काच मागे जाते तेव्हा ती मोडलीच असं समजू नका. बऱ्याचदा ती सांगत असते, ‘‘बाई, माझ्या वाटेत काहीतरी आहे!’’

आधी नुसतं नीट बघा. काच येऊन मागे जाते, की हळूहळू येऊन थांबते, की हलतच नाही? मागे जात असेल तर पट्टीत कचरा असेल किंवा गाडी आपला हिशेब विसरली असेल. हळू चालत असेल तर बॅटरी उतरलेली असू शकते. इंजिन चालू ठेवून पुन्हा पाहा. अजिबात हलत नसेल तर फ्यूज तपासून घ्या.

मग सफाई. छप्पर पूर्ण उघडा, गाडी बंद करा आणि जुना टूथब्रश व ओलं फडकं घेऊन दोन्ही पट्ट्या आणि रबर पुसून काढा. आमच्या पट्टीत काय निघालं असेल? शिरीषाच्या वाळक्या शेंगांचे तुकडे आणि एक चिंचोका! पण पुसल्यावर खोबरेल किंवा मशीनचं तेल सोडू नका. त्याला धूळ चिकटते, रबरही खराब होतं. सिलिकॉन ग्रीस मिळतं, तेच बोटभर लावा.

तरीही काच पूर्ण मिटत नसेल तर तिला तिची जागा पुन्हा शिकवावी लागते. विशेषतः बॅटरी काढली-बदलली असेल तेव्हा. बऱ्याच गाड्यांत बंद करायचं बटण काही सेकंद दाबून धरायचं असतं. रीत प्रत्येक गाडीची वेगळी, म्हणून पुस्तक बघूनच करा. आणि एक महत्त्वाचं : हे करताना काही गाड्यांत अँटी-पिंच काम करत नाही. तेव्हा मुलांना गाडीबाहेर काढा, कुणाचाही हात वर नको.

आमची काच इथेच मिटली. खर्च किती? ग्रीसच्या एका ट्यूबचा!

काच तिरकी येत असेल, एक बाजू पुढे आणि एक मागे, किंवा कटकट आवाज येत असेल तर मात्र थांबा. तार किंवा पट्टीचं काम असेल, ते मेकॅनिकचंच. हाताने काच रेटू नका. काही गाड्यांत आतल्या दिव्याच्या झाकणामागे पान्याने मोटर फिरवून छप्पर बंद करायची सोय असते, तेही पुस्तकात पाहून घ्या.

छप्पर नीट मिटलंय, तरी पाणी ठिबकतंय? काचेभोवती एक पन्हळ असते. तिच्या कोपऱ्यांतून नळ्या निघतात आणि गाडीच्या खांबांतून पाणी खाली सोडतात. पाला अडकला की मोरी तुंबते तशी ती तुंबते. वाटीभर पाणी हळूच ओता, गाडीखाली आलं नाही तर नळी साफ करून घ्या. आपण तार खुपसू नका, नळी आतल्या आत सुटते.

परदेशात अख्खं छप्पर बटणावर दुमडणाऱ्या कन्व्हर्टिबल गाड्या असतात, त्यांचंही असंच. कित्येक गाड्यांत डिकीतला सामानाचा पडदा जागेवर नसला तर छप्पर हलतच नाही. हायड्रॉलिक पंपाचं तेल कमी झालं तर अर्ध्यावर अडतं. तिथेही तपासणी आधी, खर्च नंतर.

आणि हो, काच कितीही छान चालू दे, चालत्या गाडीत मुलांना त्यातून उभं करू नका. अचानक ब्रेक लागला, आडवी फांदी आली किंवा मांजा आला तर कुठलाही अँटी-पिंच वाचवत नाही.

राहता राहिलं ते ‘साहेबांना पाठवा’. गाडी आपण चालवतो, तर बिघाडही आपल्यालाच सांगा म्हणावं. कोणता भाग गेला तो दाखवा, खर्चाचा अंदाज लिहून द्या आणि बदललेला जुना भाग परत द्या, एवढं तीन वाक्यांत मागता येतं. दिवाळीत मिक्सर बंद पडला तर आपण आधी भांडं नीट बसलंय का ते बघतोच ना? गाडीच्या छपरालाही तीच नजर लावायची, बस्स!