तेरणेचा हिशेब, विहिरीचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरच्या स्थानकात दहा टाक्यांची एक मालगाडी शिरली. मिरजेहून निघालेल्या त्या गाडीत कृष्णेचं सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं, लातूरकर घोटभर पाण्याला महाग झालेले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्या 'जलदूत'चं स्वागत छापलं. ती गाडी कुर्डुवाडी, बार्शी करत आमच्या धाराशिववरून पुढे गेली, ही गोष्ट मात्र आमच्याखेरीज फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही. आमच्याही घागरी तेव्हा टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होत्या.

मला त्या गाडीतलं पाणी वेगळ्या कारणाने आठवतं. कृष्णा खोऱ्यातून ते गोदावरी खोऱ्यात चाललं होतं आणि दोन खोऱ्यांमधला उंबरठा त्याने ओलांडला तो आमच्या जिल्ह्यात. धाराशिव बालाघाटाच्या माथ्यावर वसलेलं. शहरातून वाहणारी भोगावती सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. शहरापासून वीसेक किलोमीटरवर गोरोबाकाकांचं तेर. त्याच्या कडेने जाणारी तेरणा मांजरेत जाते आणि मांजरा गोदावरीत. नळदुर्गची बोरी पुन्हा भीमेकडे. एकाच वळवाची एक सर कृष्णेच्या खात्यात पडते, तर शेजारच्या शिवारावरची सर गोदावरीच्या.

'खात्यात' हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण नद्यांची खरोखरच खाती आहेत. राज्यघटनेत पाणी हा राज्याचा विषय आहे, राज्यसूचीत सतराव्या क्रमांकावर. आंतरराज्य नद्यांचं नियमन संसदेच्या कायद्याने केंद्राकडे घेता येतं, ती नोंद संघसूचीत छप्पन्नावी. राज्यांमध्ये तंटा झाला तर अनुच्छेद २६२ आणि १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा. त्या कायद्याखाली १९६९ साली कृष्णा आणि गोदावरी या दोन्ही नद्यांसाठी लवाद नेमले गेले आणि दोन्हींचे अध्यक्ष एकच होते, न्यायमूर्ती आर. एस. बच्छावत. कृष्णेत चारांपैकी तीन वर्षं खात्रीने मिळणारं पाणी २,०६० टीएमसी धरून त्यांनी महाराष्ट्राला ५६० टीएमसी दिलं. मांजरेवर निजामसागराच्या वरच्या बाजूला कुणी किती पाणी वापरायचं, याच्याही मर्यादा गोदावरीच्या निवाड्यात घातल्या गेल्या. म्हणजे तेरणेला बंधारा घालताना तेलंगणातल्या एका तलावाचा विचार करावा लागतो, आणि बोरी-सीनेवर काही करायचं तर कृष्णेच्या वाटपाचा.

एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. 'जलदूत'च्या पहिल्या खेपेने मोजलं तर एका टीएमसीला साडेछप्पन्न हजार गाड्या लागतील. कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचन योजना मूळ २३.६६ टीएमसीची. त्यातलं सात टीएमसी पहिल्या टप्प्यात उजनीकडून सीना-कोळेगावमार्गे उचलून, पंपांनी चढवत तुळजापूरजवळच्या रामदरा तलावापर्यंत आणायचं आहे. या योजनेचं नाव ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. पाणी खोऱ्याच्या हिशेबात बसतं का, परवानगी कुणाची, पैसा कुठून, वीजबिल कोण भरणार, या प्रत्येक प्रश्नाला वर्षं गेली. ते पाणी यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पण ते येईल त्या दिवशीही आमच्या बहुसंख्य शेतांची तहान विहीर आणि बोअरच भागवत असतील. त्यांच्या पाण्याला टीएमसीचं खातं नाही आणि लवादही नाही.

बोअर घेताना एकदा रात्रभर उभं राहून पाहावं. बोअरची गाडी पुष्कळदा तामिळनाडूची, तिरुचेंगोडकडची असते. पहिले काही फूट माती आणि मुरूम येतो, तिथे केसिंगचा पाइप उतरवतात. मग मांजऱ्या लागतो, छिद्रांचा, ठिसूळ. इथे फुफाटा ओलसर झाला की बघ्यांचे चेहरे उजळतात. त्याखाली काळा पाषाण. फुफाटा पांढराशुभ्र, कोरडा ठणठणीत उडायला लागतो आणि शेतकरी फुटामागे पैसे मोजत 'अजून शंभर जाऊ द्या' म्हणतो. दोन थरांच्या मध्ये एखादा लाल गेरूचा पट्टा किंवा फट लागली तर पाणी, नाहीतर पाचशे-सहाशे फुटांचं कोरडं भोक.

हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. उत्तरेकडच्या गाळाच्या मैदानात जमिनीखाली वाळूचे जाड थर पाणी धरून असतात, बेसॉल्टात तसं नाही. झिजलेल्या थरात साधारण दोन टक्केच जागा अशी असते की जिथलं पाणी विहिरीला मिळतं. एक हेक्टर जमिनीखालची पातळी एक मीटर उतरली तर हाती आलेलं पाणी दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. त्याच हेक्टरभर उसाला पाच सेंटिमीटर खोलीचं एक पाणी दिलं तर पाच लाख लिटर लागतं. तेवढ्या एका पाळीने त्या शेताखालची पातळी अडीच मीटर खाली जाते, आणि ऊस अशा कितीतरी पाळ्या मागतो. शेतकरी हावरट आहे म्हणून ऊस लावतो, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. ज्या पिकाची उचल आणि भाव त्याला ठाऊक आहे तेच पीक तो लावतो. पण हे गणित शाळेत शिकवायला हवं होतं. आमच्यापैकी बहुतेकांना ते बोअर कोरडं गेल्यावर कळलं.

मग या पाण्याचा मालक कोण? इंग्रजांनी १८८२ साली सुविधाधिकाराचा कायदा केला. जमीन ज्याची, तिच्याखालून उपसलेलं पाणी त्याचं, हा विचार त्यातून रुजला. तेव्हा आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, पण पुढे इथेही तोच विचार चालत आला. केंद्राने राज्यांना भूजलाच्या कायद्याचा नमुना १९७० पासून अनेकदा पाठवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९७ साली केंद्रीय भूजल प्राधिकरण उभं राहिलं. उद्योगांना ते परवाने देतं. त्याच्या २०२० च्या नियमांत मात्र शेतीला परवान्यातून सूट आहे. देशात २०२३ च्या मोजणीप्रमाणे वर्षाला सुमारे २४१ अब्ज घनमीटर भूजल उपसलं गेलं, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि त्यातलं सुमारे ८७ टक्के शेतीने वापरलं. इतका मोठा वाटा परवान्याच्या बाहेर आहे. कोट्यवधी लहान शेतकऱ्यांच्या दारात परवान्याचा अधिकारी उभा करणं कुणाला जमणार, हेही खरंच.

महाराष्ट्राने २००९ चा भूजल कायदा केला, तो १ जून २०१४ पासून लागू झाला. शेती किंवा उद्योगासाठी साठ मीटरहून, म्हणजे दोनशे फुटांहून खोल विहिरीवर त्याने बंधन घातलं. पाणलोटनिहाय समित्या आणि पाण्याप्रमाणे पीक आराखडा यांचीही तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण आमच्याकडे बोअरची खोली गावगप्पांत सांगितली जाते तेव्हा सुरुवातच चारशेपासून होते.

मोजणी मात्र प्रामाणिकपणे चालते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर वर्षातून चार वेळा जातात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. फीत खाली सोडायची, पाण्याची खूण वाचायची आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. समजा फीत ८ मीटर ४० सेंटिमीटरवर भिजली आणि कठडा ७० सेंटिमीटरचा, तर नोंद ७ मीटर ७०. हा आकडा मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि त्यावरून पुढच्या उन्हाळ्यातली टंचाई आधीच ओळखता येते. मग मे महिन्यात तहसील कार्यालय लोकांच्या खासगी विहिरी, बोअर अधिग्रहित करतं आणि गावाला पाणी पाजतं. इतर वेळी ज्याच्या-त्याच्या मालकीचं असलेलं पाणी टंचाईत गावाचं होतं.

केंद्रात नदी मोजणारा केंद्रीय जल आयोग १९४५ पासूनचा, भूजल मोजणारं मंडळ १९७० चं. मिहिर शाह यांच्या समितीने २०१६ साली, त्याच 'जलदूत'च्या वर्षी, सांगितलं की ही दोन घरं मोडून एकच राष्ट्रीय जल आयोग करा. मला तो सल्ला तेरणेच्या काठावर उभं राहिलं की पटतो. पावसाळा सरल्यावर नदीत जे पाणी वाहतं ते दोन्ही काठांच्या शिवारांतून पाझरून आलेलं असतं. काठावरच्या विहिरी कार्तिकात उपसायला लागल्या की पौषात नदीचं पात्र कोरडं पडतं. धरणाच्या वहीत 'आवक घटली' अशी नोंद होते, विहिरीच्या वहीत 'पातळी खालावली' अशी, आणि दोन्ही वह्या वेगवेगळ्या कपाटांत राहतात. २०१९ मध्ये जलशक्ती मंत्रालय एक झालं, तरी आयोग आणि मंडळ वेगळेच राहिले. पूर आला तरी तेच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने परंडा तालुक्यात घरं-शेतं बुडवली, तेव्हा तेवढ्या पाण्यातलं किती भुईत मुरलं हे कुणी त्याच वहीत लिहिलं नाही.

२५ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेली अटल भूजल योजना सहा हजार कोटींची, निम्मा पैसा जागतिक बँकेचा. सात राज्यांत ती आली, महाराष्ट्रात तेरा जिल्ह्यांत, त्यात धाराशिव. तिचा भर गावाने आपला ताळेबंद आपण मांडावा यावर होता: पाऊस किती पडला, मुरला किती, माणसं-जनावरं पिणार किती, पिकाला उरतं किती.

अशा एका ग्रामसभेत मी बसलो होतो. पर्जन्यमापकाचे आणि विहिरींचे आकडे खडूने फळ्यावर मांडले गेले. ज्वारी-हरभऱ्याला पुरेल, नव्या उसाला पुरणार नाही, इथवर गोष्ट आली आणि आवाज चढले. एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत गप्प होते. सगळे थकल्यावर त्यांनी विचारलं, "आपलं झालं. ओढ्याच्या वरल्या गावानं यंदा किती धरलंय?"

तो आकडा आमच्या फळ्यावर नव्हता. तो वरच्या गावच्या फळ्यावर होता, चार किलोमीटरवर.