सँ-सुल्पिस : घाई न करणाऱ्यांचं चर्च

पॅरिसमध्ये सेन नदीच्या डाव्या तीरावर, लक्झेंबर्ग बागेपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एक भलं मोठं चर्च आहे. त्याचे दोन मनोरे एकमेकांशी जुळत नाहीत. उत्तरेकडचा उंच आणि रेखीव. दक्षिणेकडचा त्याहून चारपाच मीटरने बुटका आणि अर्धवट राहिलेला. बांधकाम १६४६ साली सुरू झालं, पैसे संपले, थांबलं, पुन्हा सुरू झालं, मध्येच दर्शनी भागाचा आराखडा बदलला, आणि राज्यक्रांती आली तेव्हाही दक्षिणेच्या मनोऱ्याचं काम बाकीच होतं. ते आजही बाकी आहे. पॅरिसकरांना त्याचं काही वाटत नाही.

हे सँ-सुल्पिस. आकाराने नोत्र-दामहून थोडंच लहान, पण पर्यटकांच्या यादीत बरंच खाली. व्हिक्टर ह्यूगोचं लग्न इथे झालं, बोदलेअरचा बाप्तिस्मा इथे झाला. आत शिरल्यावर उजव्या हाताच्या पहिल्याच कक्षात चित्रकार देलाक्रवाची भित्तिचित्रं आहेत. देवदूताशी झुंजणारा बायबलमधला याकोब त्यांतलाच. उत्तरेच्या बाजूला संगमरवरी स्तंभ आणि त्यावरून जमिनीवर उतरणारी पितळेची रेघ आहे. दुपारचं ऊन कुठे पडतं ते पाहून ईस्टरची तिथी ठरवता यावी म्हणून अठराव्या शतकात केलेली ती सोय. डॅन ब्राउनच्या २००३ सालच्या कादंबरीने त्या रेघेला भलतंच गूढ चिकटवलं आणि चर्चला खुलाशाचा फलक लावावा लागला. अजूनही लोक त्या रेघेपाशी वाकून काहीतरी शोधत असतात. पाहण्यासारखी गोष्ट खरं तर त्यांच्या पाठीमागे आहे. पाहण्यापेक्षा ऐकण्यासारखी.

मुख्य दारातून आत येऊन वेदीकडे तोंड केलं की ती आपल्या मागे, डोक्यावर असते. वळून वर पाहावं. खांब, पुतळे, नक्षी यांनी सजलेला लाकडी दर्शनी भाग म्हणजे एखाद्या राजवाड्याचं प्रवेशद्वारच वाटतं. तो वास्तुकार शाल्ग्रँने आखला. आर्क द त्रिओंफ या विजयकमानीचा आराखडा पुढे त्यानेच केला. आतला ऑर्गन फ्रान्स्वा-आंरी क्लिको या कारागिराने १७८१ साली पुरा केला. पुढे राज्यक्रांतीत चर्चचं ‘विजयमंदिर’ झालं. नोव्हेंबर १७९९ मध्ये नेपोलियनच्या सन्मानार्थ इथे मोठी मेजवानी झडली, आणि तीन दिवसांनी त्याने सत्ता हातात घेतली. ऑर्गन या सगळ्यातून शाबूत राहिला.

मराठी रसिकाला ऑर्गन म्हटलं की संगीत नाटकाची साथ आठवते, पायाने भाता मारत वाजवायची पायपेटी. तिचं आणि याचं नातं आहे, पण लांबचं. पायपेटीत आणि हार्मोनियममध्ये हवेच्या झोताने धातूच्या पातळ पट्ट्या थरथरतात. इथे हवा नळ्यांमध्ये शिरते. बहुतेक नळ्या बासरीच्या जातीच्या, काहींच्या तळाशी जीभ असलेल्या, म्हणून सनई-तुतारीच्या आवाजाच्या. कथिल-शिशाच्या आणि लाकडाच्या या नळ्या सुमारे सात हजार आहेत. सर्वांत मोठी बत्तीस फुटी. तिचा खर्ज कानाला कळण्याआधी बाकाच्या लाकडातून अंगाला कळतो. सर्वांत लहान बोटाएवढीसुद्धा नाही.

क्लिकोच्या या वाद्याला आजचं रूप दिलं आरिस्तीद कावाये-कोलने. त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण फ्रान्समधल्या ऑर्गन बांधणाऱ्या घराण्यातला हा मुलगा. १८३२ साली तुलूजमध्ये संगीतकार रोस्सिनीने त्याचं एक नवं छोटं वाद्य पाहिलं, तेही हार्मोनियमच्याच कुळातलं, आणि त्याला पॅरिसला यायला सांगितलं. पुढच्याच वर्षी तो आला आणि आल्या आल्या सँ-देनीच्या महामंदिराचा ऑर्गन बांधण्याचं काम त्याने पटकावलं. तेव्हा त्याचं वय होतं बावीस.

सँ-सुल्पिसचं काम त्याने १८६२ मध्ये पुरं केलं. शंभर स्वरगट, म्हणजे एकेका जातीच्या आवाजाच्या नळ्यांचे संच; हातांसाठी एकावर एक पाच स्वरपट्ट्या, पायांसाठी एक वेगळी. एवढ्या नळ्यांच्या झडपा बोटाच्या दाबाने उघडायच्या तर वादकाला पैलवानच व्हावं लागलं असतं. म्हणून बार्कर नावाच्या इंग्रज कारागिराची युक्ती इथे वापरली आहे : प्रत्येक पट्टीमागे एक चिमुकला भाता, बोटाने फक्त त्याला इशारा द्यायचा, बाकीचं जड काम हवाच करते. स्वरगटांच्या खुंट्या वादकाभोवती अर्धवर्तुळात पायऱ्यापायऱ्यांनी मांडल्या आहेत. एक स्वरपट्टी लाकडी खोलीत बंद असलेल्या नळ्यांना जोडलेली आहे. त्या खोलीच्या झडपा पायाने हळूहळू उघडल्या की दूर कुठेतरी चाललेलं गाणं अंगणात येतं.

मला कावाये-कोलचं सर्वांत मोठं शहाणपण वाटतं ते वेगळंच. ऐंशी वर्षांपूर्वीच्या क्लिकोच्या चांगल्या नळ्या त्याने टाकून दिल्या नाहीत. त्या नव्या वाद्यात सामावून घेतल्या. त्या काळात जुनं मोडून नवं बांधण्याचीच हौस होती, आणि पैसेही नव्यालाच मिळत. त्यामुळे आज तिथे बसणारा वादक एकाच वेळी दोन शतकांच्या आवाजांतून निवड करतो.

एप्रिल १८६२ च्या उद्घाटनाला सेझार फ्रांक आणि सँ-साँस यांच्यासारखे संगीतकार वाजवायला आले होते. पण या वाद्याचा खरा माणूस आठ वर्षांनी आला.

१८६९ च्या शेवटच्या दिवशी तेव्हाचे वादक लफेब्युर-वेली वारले. कावाये-कोलने शब्द टाकला तो लियाँच्या शार्ल-मारी विदोरसाठी. विदोर पंचवीस वर्षांचे. एवढ्या तरुणाला पॅरिसमधली एवढी मानाची जागा? शहरातल्या वादकांनी कुरकुर केली. चर्चने मधला मार्ग काढला आणि विदोरना एक वर्षासाठी, हंगामी म्हणून नेमलं. वर्ष संपलं. कायम नेमणुकीचा कागद काही आला नाही, आणि विदोरही विचारायला गेले नाहीत. ते त्या हंगामी जागेवर चौसष्ट वर्षं वाजवत राहिले. १९३३ च्या अखेरीस निवृत्त झाले तेव्हा ते एकोणनव्वद वर्षांचे होते. आपल्याकडच्या रोजंदारी कर्मचाऱ्यांना हा किस्सा जरूर सांगावा, अर्थात हसत हसत.

त्यांच्या हाताखाली मार्सेल द्युप्रे १९०६ पासून मदतनीस होते. हेच द्युप्रे १९२० साली बाखच्या ऑर्गनसाठीच्या सगळ्या रचना दहा मैफलींत, समोर कागद न ठेवता वाजवून मोकळे झाले होते. जगभर नाव झालं, तरी सँ-सुल्पिसची खुर्ची मिळायला त्यांना १९३४ उजाडावं लागलं. अठ्ठावीस वर्षांची उमेदवारी. मग तेही उठले नाहीत. १९७१ साली पेन्टेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या रविवारी सकाळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, वाजवून घरी गेले आणि त्याच दिवशी वारले. वय पंच्याऐंशी. विदोर आणि द्युप्रे या दोघांनी मिळून शंभर वर्षं भरून काढली. दोघांनीही वाद्याला उगाच हात लावू दिला नाही. विदोरांच्या निवृत्तीच्या निमित्ताने पायपट्टीला दोन स्वरगट वाढवले, म्हणून आज शंभराचे एकशे दोन आहेत. युरोपातले कितीतरी ऑर्गन विसाव्या शतकात ‘सुधारले’ गेले आणि बिघडले. हा वाचला, कारण त्यावर बसणाऱ्यांना त्याच्याकडून शिकायचं होतं.

काय शिकायचं होतं? माझ्या मते, थांबायला.

या चर्चची लांबी एकशे दहा मीटरच्या पुढे, छत चौतीस मीटरवर, सगळीकडे दगड. बोट पट्टीवरून उचललं तरी सूर कित्येक सेकंद फिरत राहतो. तानपुऱ्याच्या तारेची आस असते तशी, पण शंभरपट. घाईने वाजवणाऱ्याचा एक सूर दुसऱ्यावर चढतो, तिसरा दोघांवर, आणि शेवटी उरतो तो फक्त गोंगाट. वाद्य कितीही बलवान असो, जागा त्याला क्षमा करत नाही.

याचा पुरावा ऐकायला मिळतो. विदोरांची सगळ्यांत गाजलेली रचना म्हणजे त्यांच्या पाचव्या ऑर्गन-सिंफनीतली शेवटची तोकाता. पाश्चात्त्य लग्नांत नवरानवरी चर्चबाहेर पडताना ती हमखास वाजते. उजव्या हातात तुटक, झरझर सुरांची अखंड नक्षी, डाव्या हातात ठोके, आणि मग पायांत शिरणारा रुंद, गंभीर मुखडा. आजचे अनेक तरुण वादक ती शर्यतीसारखी पळवतात, टाळ्याही मिळतात. पण १९३२ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, स्वतः विदोरांनी ती याच ऑर्गनवर वाजवली आणि ती ध्वनिमुद्रित झाली. आवाज जुनाट, खरखरीत. वेग ऐकून पहिल्यांदा वाटतं, म्हाताऱ्याचे हात चालत नाहीत. दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळतं की प्रत्येक सूर तुटून वेगळा पडतो आहे, नक्षीचा एकही दाणा दुसऱ्यात मिसळत नाही, आणि पायांतला मुखडा आला की अख्खी इमारत त्याच्याबरोबर श्वास घेते. पूर्वी छापलेला वेग विदोरांनी नंतर स्वतःच कमी केला होता. तेव्हा हे हातांचं थकणं नव्हे. साठ वर्षं एकाच दालनाचा घुमार ऐकलेल्या कानांचा तो निर्णय आहे. ज्याने रचना केली, त्याच माणसाने, त्याच वाद्यावर, त्याच छताखाली ती वाजवली, असे पुरावे एकोणिसाव्या शतकातल्या संगीताचे फार थोडे उरले आहेत.

विदोरांच्या शिष्यांत आल्बर्ट श्वाइट्झर होते, पुढे आफ्रिकेत लांबारेने इथे रुग्णालय उभारणारे. बाखच्या भजनांवर बेतलेल्या काही ऑर्गन-रचना विदोरांना कोड्यासारख्या वाटत. श्वाइट्झरनी त्यांना मूळ भजनांचे जर्मन शब्द समजावून सांगितले आणि कोडं सुटलं. गुरूने शिष्याला सांगितलं, हे लिहून काढ. त्यातून बाखवरचा मोठा ग्रंथ झाला. बोल कळल्याशिवाय चीज कळत नाही, हे आपल्या गायकांना नव्याने सांगायला नको.

अलीकडच्या काळात सँ-सुल्पिसच्या वादकांची परंपरा दानिएल रोत यांनी सांभाळली, १९८५ ते २०२३. त्यांच्या बरोबरीने सोफी-व्हेरोनिक कोशफेर-शोप्लँ. आता मुख्य वादक कारोल मोसाकोव्स्की आहेत. फ्रेंच ऑर्गनवादकाची खरी परीक्षा उत्स्फूर्त वादनात असते. मिस्सेच्या ओघात धर्मगुरू वेदीपाशी पोचेपर्यंत वेळ भरायचा आहे, तो किती ते आधी ठाऊक नाही, आणि हाताशी आहे फक्त त्या दिवसाच्या भजनाची एक ओळ. रोत यांचं असं वादन ऐकताना आपल्याकडच्या रागाच्या बढतीची आठवण येते. ओळ आधी एकट्या बासरीच्या स्वरगटात, जवळजवळ पुटपुटल्यासारखी. मग ती पायांत उतरते आणि वर दुसरंच काही विणलं जातं. मग तिचा एक तुकडाच सुटा करून उलटापालटा केला जातो. बंद खोलीच्या झडपा उघडत जातात, एकेक खुंटी ओढली जाते, आणि पूर्ण ऑर्गन गर्जतो तो अगदी शेवटी, तोही मोजकाच. शंभर स्वरगट हाताशी असताना चारच वापरत राहण्याचा संयम मला त्या गर्जनेहून मोठा वाटतो. खालून वादक दिसत नाही. हात नाहीत, चेहरा नाही, घाम नाही. ज्याला दाद द्यायची तो वर लाकडी खांबांमागे आहे, आणि मिस्सेत टाळ्या वाजवायच्या नसतात.

एप्रिल २०१९ मध्ये नोत्र-दाम जळलं. त्याच्या महिनाभर आधी सँ-सुल्पिसच्या दक्षिणेच्या दारालाही आग लागली होती, पण ती लवकर विझली. नोत्र-दाम बंद असताना शहराचे मोठे विधी इथे होऊ लागले. माजी राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांचा अंत्यविधी त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये इथेच झाला.

जायचं असेल तर मेट्रोचा ४ क्रमांकाचा मार्ग. स्थानकाचं नावच सँ-सुल्पिस. प्रवेशाला तिकीट नाही. रविवारी मुख्य मिस्सेच्या जोडीने ऑर्गनवादन होतं. वेळा बदलतात, त्या दारावरच्या फलकावर पाहून घ्याव्यात. अगदी पुढच्या बाकावर बसू नये, तिथे सूर उशिरा आणि विस्कटून पोचतात. ऑर्गनच्या अगदी खालीही नको. दालनाच्या साधारण मध्यावर, वेदीकडे तोंड करून बसावं. मान वळवून वर पाहत राहण्याचा मोह होतो, पण दिसायचं काही नसतं. विदोर १९३७ मध्ये वारले. त्यांची कबर याच चर्चच्या तळघरात आहे, ते जिथे बसत त्याच्या बरंच खाली.