बाजारात मोबाइलची मदत

घरचे सामान आणायला तुम्हालाच पाठवले जाते ना? अम्मी यादी सांगते आणि अर्ध्या वाटेवर तुम्ही ती विसरता. त्यापेक्षा यादीचा फोटो काढून न्यावा, हे बरे! पण मोबाइलचा खरा उपयोग हिशेबात आहे. (किंमत, वजन, दुकान, हिशेब हे शब्द मराठीत अरबी-फारसीतूनच आले आहेत. ते तुम्हाला नव्याने शिकावे लागणार नाहीत.)

समजा, चहाचा २५० ग्रॅमचा पुडा १४० रुपयांना आहे आणि ५०० ग्रॅमचा २९० रुपयांना. मोठा पुडा स्वस्तच पडणार, असे आपण धरून चालतो. आता मोबाइलमधील गणकयंत्र उघडा आणि किमतीला वजनाने भागा. लहान पुड्यातील चहा ५६ पैसे ग्रॅम पडतो, मोठ्या पुड्यातील ५८ पैसे. म्हणजे लहान दोन पुडे घेतले, तर दहा रुपये वाचतात. हल्ली पुष्कळ पुड्यांवर हा दर छापलेला असतो. पण अक्षरे मुंगीएवढी! फोटो काढा आणि मोठा करून वाचा. कमाल किरकोळ किंमतही तशीच वाचा. तीत सर्व कर धरलेले असतात. बंद बाटली थंड करून दिली, म्हणून दुकानदाराला त्या किमतीपेक्षा दोन रुपये जास्त घेता येत नाहीत.

आता पैसे देण्याविषयी. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि भाजीवाल्याकडेही मोबाइलने पैसे देता येऊ लागले. पैसे पाठवण्यापूर्वी पडद्यावर दिसणारे नाव दुकानदाराला वाचून दाखवा. कधी कधी खात्यातून पैसे जातात, पण दुकानदाराला मिळत नाहीत. अशा वेळी घाबरून लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. आधी मोबाइलमध्ये व्यवहाराची नोंद पाहा आणि तिचा बारा अंकी क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार दुकानातील असा अडकलेला व्यवहार बँकेने पाच दिवसांत उलटवायचा असतो. उशीर झाला, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते.

आणखी एक गोष्ट घरातील मोठ्यांनाही सांगा. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना कधीच लागत नाही. "तुमचे पैसे परत करतो, पिन टाका," असे कोणी फोनवर म्हणाला, तर तो ठगच समजावा. तरीही पैसे गेलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा.

वस्तू खराब निघाली आणि दुकानदार ऐकत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे मराठीतही बोलता येते. तक्रारीसाठी पावती, म्हणजे तुमची रसीद, जवळ हवी. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.